कॅप्सूलची सारखी वाटणी

माझा दादा लिफ्ट दुरुस्त करतो आणि स्वतः मात्र जिने चढतो. तीस वर्षं झाली, त्याला लिफ्टने वर जाताना मी पाहिलेलं नाही. कुणी विचारलं तर म्हणतो, "आत काय असतं ते मला माहीत आहे ना." ऐकणारा हसतो, आणि दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये पाय टाकताना जरा घुटमळतो. दादाच्या मनात काही वाईट नसतं. त्याच्या मनात कधीच काही वाईट नसतं, आणि लोकांना जेव्हा माझं म्हणणं पटत नाही तेव्हा ते मला हेच ऐकवतात.

मी त्याची धाकटी बहीण. खेळाडूंच्या एका दवाखान्यात सोळा वर्षं रक्त काढते. ज्यांची शीर सापडत नाही अशांना डॉक्टर माझ्याकडे पाठवतात, आणि मी पहिल्याच टोचणीत काम उरकते. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. पुढे जे सांगणार आहे त्यात माझी फारशी शोभा नाही, म्हणून आधी एवढं तरी सांगून ठेवते.

दादा पळायला लागला तो एक्केचाळिसाव्या वर्षी. कंपनीचा गणवेश पोटावर बसेनासा झाला होता. वहिनीने दोनदा बटणं सरकवून दिली. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "आता बटण सरकवायला कापड उरलं नाही. तूच सरक." दादा त्याच संध्याकाळी कामाचे बूट घालून पाण्याच्या टाकीच्या रस्त्याला पळत गेला आणि चालत परत आला. आज तो बावन्न वर्षांचा आहे, बेचाळीस किलोमीटर पळतो, आणि वहिनी तोच गणवेश दोन्ही बाजूंनी आत घेऊन घेऊन वैतागली आहे.

पळणं एकवेळ परवडलं, पण पळण्याच्या मागोमाग बाटल्या आल्या. स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर पूर्वी डाळी असायच्या, तिथे आता चूर्णं आहेत. एक पळायच्या आधी घ्यायचं, एक पळून आल्यावर, एक झोपताना, एक सांध्यांसाठी, एक फक्त मांड्यांसाठी. कुठल्याशा बिया आहेत, त्या भिजवून त्यांचं बुळबुळीत पाणी प्यायचं. एक हिरवी पूड आहे, ती पाण्यात विरघळत नाही, दुधात विरघळत नाही, आणि वहिनीच्या मते पोटातही विरघळत नसावी. मी एकदा मोजल्या, नऊ बाटल्या होत्या. एवढं सगळं घेऊनही मोठ्या शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी दादा आपल्याच घराचा जिना उलटा उतरतो, कठड्याला धरून, पाठीकडून. वहिनी खाली उभी राहून पायऱ्या मोजते.

एकदा मी त्याला सरळ विचारलं, "या सगळ्याचा उपयोग होतो कशावरून?"

"घेतलं की दुसऱ्या दिवशी पाय हलके वाटतात."

"आणि नाही घेतलं तर?"

त्याने थोडा विचार केला. "न घेता कधी बघितलंच नाही."

मी कपाळाला हात लावला. पण ते उत्तर डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात मी ते आमच्या मॅडमना, म्हणजे मोठ्या डॉक्टरांना, गंमत म्हणून सांगितलं. मॅडम हसल्या, मग हसायच्या थांबल्या. म्हणाल्या, "हे तपासायचं झालं तर कसं तपासाल? लिहून आणा." मी लिहून नेलं. त्यांनी लाल पेनाने अर्धं खोडलं आणि म्हणाल्या, पुन्हा लिहा. असं सहा वेळा झालं. परवानग्या, अर्ज, समितीपुढे उभं राहून उत्तरं देणं, हे सगळं धरून दोन वर्षं गेली, पण शेवटी प्रयोग मंजूर झाला आणि त्याच्या पहिल्या पानावर माझं नाव होतं.

प्रयोग साधा होता. बत्तीस पळणारी माणसं घ्यायची. सोळा जणांना आलं आणि आणखी दोन मुळ्यांच्या अर्काच्या कॅप्सूल, सोळा जणांना तशाच दिसणाऱ्या पण आत नुसतं पीठ भरलेल्या. बाटल्यांवर फक्त आकडे. कुठल्या आकड्यात अर्क आणि कुठल्या आकड्यात पीठ, ती यादी बंद पाकिटात. ती मला माहीत नाही, मॅडमना माहीत नाही, पळणाऱ्याला तर नाहीच नाही. दहा दिवस कॅप्सूल घ्यायच्या. आठव्या दिवशी उतारावरून तासभर जोरात पळायचं, कारण उतारावर मांड्यांची जी वाट लागते ती चढावर लागत नाही. मग त्या दिवशी आणि पुढचे दोन दिवस मी रक्त काढणार, कारण स्नायूंना किती इजा झाली ते रक्तात दिसतं, आणि प्रत्येकाने कागदावर शून्य ते दहा अशा रेघेवर आपलं दुखणं किती ते खुणेने दाखवायचं. त्या दोन दिवसांत पळायचं नाही, मालीश करायची नाही, घरातली दुसरी कुठलीही पूड खायची नाही. शेवटी बाटलीत उरलेल्या कॅप्सूल मोजून परत घ्यायच्या. पाकीट अगदी शेवटी उघडायचं.

यात मला काय मिळणार होतं तेही सांगून टाकते. दवाखान्यात अशा प्रयोगांसाठी एक वेगळा विभाग सुरू होणार होता आणि मॅडमनी मला स्पष्ट सांगितलं होतं की हा प्रयोग नीट पार पडला तर तो विभाग तुम्ही सांभाळायचा. सोळा वर्षं मी उभ्याने काम केलं आहे. संध्याकाळी घरी गेले की आधी पाय भिंतीला लावून पडते, मग बोलते. मला ते टेबल हवं होतं, ती खुर्ची हवी होती आणि दारावर नावाची पाटी हवी होती. एवढं मला आयुष्यात दुसरं काही हवंहवंसं वाटलं नव्हतं.

तेवीस माणसं मिळाली आणि आकडा पुढे सरकेना. नऊ कमी पडत होती. दादाच्या पळण्याच्या गटात त्याच्यासकट बरोबर नऊ जण होते. मी त्याच्यापुढे शब्द टाकला आणि तो वाक्य पुरं व्हायच्या आत हो म्हणाला. मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडे बघत विचारलं, "घरचीच माणसं. सूचना पाळतील ना?" मी म्हटलं, "मॅडम, हमी माझी."

आता त्या गटाबद्दल सांगायला हवं. सकाळी साडेपाचला ही माणसं टाकीच्या फाटकाशी जमतात. एक पोस्टमन आहे, एक बँकेचा रखवालदार, एक शिवणकाम करणाऱ्या बाई, बाकीचे असेच कुठे कुठे राबणारे. फाटकाच्या खिळ्याला एक कापडी पिशवी टांगलेली असते. येताना ज्याला जे जमेल ते त्याने पिशवीत टाकायचं. केळी, पाण्याच्या बाटल्या, मिठाची पुडी, मोजे, दुखऱ्या पायाला लावायचं मलम. पळून आले की दादा पिशवी खाली काढतो आणि सगळ्याचे नऊ सारखे वाटे करतो. केळं कुणी आणलं, कुणी नाही आणलं, हे विचारायचं नाही. केळी सात असली तर तो चाकूने कापून नऊ वाटे करतो, आणि इतके नेमके की बघत राहावं. गटाला दुसरा काही नियमच नाही.

ही पिशवी मी दहा वर्षं बघत आले होते. मला ती आवडायचीही. मी मूर्खासारखी तिचं मॅडमकडे कौतुकही केलं होतं.

नऊ जणांना दवाखान्यात बोलावून मी तीन वेळा सगळं समजावून सांगितलं. प्रत्येकाची बाटली ज्याची त्याला. दुसऱ्याला द्यायची नाही. शंका आली तर मला फोन करायचा. सगळ्यांनी माना हलवल्या. सगळ्यात जास्त दादाने हलवली. मग एकेकाने सही केली आणि आपापली बाटली खिशात घालून ते चार मजले जिन्याने उतरले, कारण दादा उतरला.

पहिला वैताग विश्रांतीवरून. उतारावरच्या पळण्यानंतर दुसऱ्या सकाळी नऊही जण रक्त द्यायला वेळेवर हजर. मी दादाच्या दंडाला पट्टा बांधला तर दंड घामाने ओला.

"तू पळून आलास?"

"छे. हलकं."

"हलकं म्हणजे?"

"नुसते पाय मोकळे केले. सात किलोमीटर."

"दादा, दोन दिवस पळायचं नाही असं ठरलं होतं."

"अगं चिमे, ते पळणं नाही. त्याला पळणं म्हणत नाहीत." आणि त्याने पोस्टमनकडे पाहिलं. पोस्टमननेही सांगितलं की त्याला पळणं म्हणत नाहीत.

मग दुखण्याची रेघ. दादाने एकच्या जरा अलीकडे खूण केली. रक्त देऊन झाल्यावर तो खुर्चीतून उठला तो दोन्ही हातांनी, दात आवळून. मी म्हटलं, "एक?" तर म्हणतो, दहा म्हणजे पाय तुटल्यावर, आपला काही तुटलेला नाही. बाकीच्या आठांनीही एक नाहीतर दोन. एकाला धड वाकता येत नव्हतं, त्याच्या बुटाची नाडी मी बांधून दिली, आणि त्याचाही कागदावर दीड. मी चिडचिड करत मॅडमकडे गेले. मॅडम म्हणाल्या, पळणारी माणसं अशीच असतात, रक्त खोटं बोलत नाही, तुम्ही सात किलोमीटरची नोंद करा आणि पुढे चला. मी नोंद केली आणि पुढे चालले.

बाटल्या परत आल्या तेव्हा मात्र माझा जीव भांड्यात पडला. बाहेरच्या तेवीस जणांपैकी कुणाच्या चार कॅप्सूल जास्त उरलेल्या, कुणाच्या अकरा, एकाची बाटलीच कुत्र्याने चावलेली. पण दादाच्या गटाच्या नऊही बाटल्यांत नेमक्या सहा सहा, जेवढ्या उरायला हव्यात तेवढ्याच. मी मॅडमना मुद्दाम बोलावून दाखवलं. त्या म्हणाल्या, "शिस्त म्हणजे काय ते यांच्याकडून शिकावं."

यानंतर महिन्याने, एका रविवारी दुपारी, मी दादाकडे गेले होते. वहिनी इस्त्री करत होती, मी घड्या घालत होते, दादा खुर्चीत बसून बुटांचे तळ घासत होता. बोलता बोलता तो म्हणाला, "तुझ्या त्या कॅप्सूलचं बाकी आम्ही पहिल्या तीन दिवसांतच ओळखलं होतं."

"काय ओळखलं?"

"कुणाला खरी आणि कुणाला खोटी. ज्याला आल्याचा ढेकर येतो त्याला खरी."

मी हसले. एवढं चालतं. माणसं अंदाज करतातच. मी विचारलं, "मग किती जणांना आला?"

"पाच जणांना. चौघं कोरडे. मला आला." मग त्याचा चेहरा जरा उतरला. "शिवणाऱ्या बाईंना नाही आला. तिसऱ्या दिवशी फाटकाशी उभ्या राहून रडल्या गं. म्हणाल्या, माझ्याच वाट्याला नेहमी पीठ येतं. चाळीस वर्षं मशीनवर पाय मारून गुडघे गेलेत त्यांचे. सगळ्यात गरज त्यांना, आणि पीठही त्यांनाच. हा काय न्याय झाला?"

मी हातातली घडी खाली ठेवली. "दादा, तुम्ही काय केलंत?"

"काही नाही. सगळ्या एका डब्यात ओतल्या, ढवळल्या आणि सारख्या वाटल्या." तो बुटाचा तळ घासतच होता. "पण मोजून हं. प्रत्येकाच्या बाटलीत होत्या तेवढ्याच. तुझ्या हिशोबात एकही इकडची तिकडे नाही."

वहिनीची इस्त्री थांबली. दवाखान्यात ती कधी आली नव्हती, प्रयोगाचं तिला काही ठाऊक नव्हतं, पण माझं तोंड बघून तिला कळलं.

"मी तीन वेळा सांगितलं होतं," मी म्हटलं. "दुसऱ्याला द्यायची नाही. त्यावर तुझी सही आहे."

"दुसऱ्याला कुणी दिली? सगळ्यांनी वाटून घेतल्या."

"अरे, म्हणजे नऊच्या नऊ जणांनी थोडा अर्क खाल्ला आणि थोडं पीठ खाल्लं."

"हो, सारखंच. मग तर तुला सोपं झालं ना? कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही."

"मला कमी-जास्तच बघायचं होतं, दादा."

 मग त्याच्या हातातला बूट हळूहळू खाली गेला. मी मात्र तिथे थांबले नाही. माझं डोकंच फिरलं. लहानपणी मला नवी सायकल मिळाली, ती चार दिवसांत गल्लीतल्या सगळ्या पोरांची झाली, कारण दादाने प्रत्येकाला सारख्या फेऱ्या वाटून दिल्या. माझ्या परीक्षेच्या वह्या त्याने वर्गातल्या दोघींना नेऊन दिल्या. वहिनीची छत्री वर्षभर त्या पोस्टमनकडे होती. हात एवढा मोकळा, पण दादा, तू वाटतोस ते नेहमी दुसऱ्याचं असतं. हे सगळं मी त्या दिवशी त्याला ऐकवलं. तीस-चाळीस वर्षांचं साठलेलं एका दमात बाहेर आलं. वहिनी मध्ये पडली नाही. छत्रीच्या वेळी तर तिने मान हलवली.

दादा म्हणाला, "मग आता मॅडमना सांगू या."

"तू एक अक्षर बोलणार नाहीस. कुणाशीही नाही. मी सांगेन, योग्य वेळ बघून."

तो "बरं" म्हणाला.

ती योग्य वेळ मी शोधत होते असं मला वाटत होतं. सोमवारी मॅडम गडबडीत होत्या. मंगळवारी खूश होत्या, म्हटलं कशाला विरजण घाला. बुधवारी चिडलेल्या होत्या, म्हटलं आज तर नकोच. दुसऱ्या आठवड्यात त्या एक कागद घेऊन आल्या, नव्या खोलीचा नकाशा होता. म्हणाल्या, "टेबल खिडकीशी ठेवायचं की दाराशी? बसणार तुम्ही, तेव्हा तुम्हीच सांगा." मी म्हटलं, खिडकीशी. ते बोलून झालं आणि मला कळून चुकलं की मी आता सांगणार नाही.

स्वतःशी वाद घालायला मी चांगली हुशार आहे. बत्तिसांतले नऊच तर आहेत. अर्कात दम असेल तर तेवीस जणांतही दिसेल. नसेल तर नाहीतरी दिसणार नव्हता. कोण मरतंय? रक्ताचे आकडे मी घरी आणून पुन्हा पुन्हा बघायची आणि दर वेळी त्या नऊ ओळींवरून नजर घसरवून पुढे जायची. जेवताना नवऱ्याने दोनदा विचारलं, काय झालंय? मी म्हटलं, पाय दुखतात. ते काही खोटं नव्हतं.

पण खरं काय ते मला माहीत होतं. या प्रयोगाचा निष्कर्ष छापून आला की कुणीतरी तो वाचणार, आणि कुणाच्या तरी स्वयंपाकघरात दहावी बाटली येणार नाहीतर नऊ बाटल्या कचऱ्यात जाणार. हा एवढा खटाटोप मी त्यासाठीच केला होता. न घेता काय होतं हे कुणीच बघितलेलं नाही, ते एकदा नीट बघावं म्हणून. आणि आता मीच ते न बघता सही करायला बसले होते. मला स्वतःची शिसारी येत होती, आणि तरी दुसऱ्या दिवशी मी पुन्हा मूग गिळून कामाला उभी राहत होते.

दादा दर तिसऱ्या दिवशी फोन करायचा. "सांगितलंस?" "सांगते." पुढे त्याने विचारणं सोडलं. मला वाटलं, विसरला. सुटले बाई. मग एक दिवस वहिनीचा फोन आला. "तुझं ते काय ते मिटव एकदा. हा चार दिवस पळायला गेला नाही. सकाळी उठतो, बूट घालतो आणि पलंगावर बसून राहतो. अकरा वर्षांत मी असं बघितलं नाही." मी म्हटलं, वहिनी, बघते. मी काहीही बघितलं नाही.

पाकीट उघडायचं ठरलं होतं गुरुवारी सकाळी अकराला. मी चांगला पोशाख घालून गेले होते. साडेदहाला मी एका खेळाडूचं रक्त घेत होते, तेव्हा बाहेर पॅसेजमध्ये बुटांचा आवाज आला. एक-दोन माणसांचा नव्हे, बऱ्याच जणांचा. मी सुई काढली, कापसाचा बोळा दाबायला सांगितला आणि दार उघडलं. पॅसेजमध्ये नऊ जण ओळीने उभे होते. पोस्टमन झोळीसकट, रखवालदार गणवेशात, शिवणाऱ्या बाईंच्या गळ्यात मोजायची फीत. सगळे कामावरून तास-दोन तास मागून आले होते. पुढे दादा, हातात हत्यारांची पेटी.

"दादा, इकडे ये," मी म्हटलं. तो माझ्याकडे बघून हसला, काळजी करू नकोस असं हाताने दाखवलं आणि मॅडमच्या दारावर टकटक केली.

मी पोचेपर्यंत त्याचं बोलणं सुरू झालं होतं. ढेकर, रडणं, डबा, सगळं त्याने क्रमाने सांगितलं. एकही शब्द इकडचा तिकडे केला नाही. मॅडम ऐकत होत्या. टेबलावर पाकीट होतं, शेजारी कागद कापायची सुरी होती.

"चूक आमची आहे," दादा म्हणाला. "नऊ जणांची सारखी. हिची काडीचीही चूक नाही. हिला जेव्हा कळलं तेव्हा ही माझ्यावर इतकी भडकली मॅडम, की विचारू नका. तेव्हापासून धड बोलत नाही माझ्याशी."

मॅडमनी विचारलं, "केव्हा सांगितलंत तुम्ही यांना?"

दादाने बोटं मोजली. त्याला वाटत होतं तो माझी साक्ष देतोय. "आज अठरा दिवस झाले. येत्या रविवारी तीन आठवडे होतील."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी दारातच होते.

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"आणि आपण आत्ता हे उघडणार होतो."

"हो."

त्यांनी दादाचे आभार मानले. खरोखर मानले, उठून उभ्या राहून. म्हणाल्या, तुम्ही आलात हे फार चांगलं केलंत. दादाने मला डोळ्याने खुणावलं, बघ, मिटलं. तो गेल्यावर त्यांनी दार लावलं आणि पाकीट उचलून पुन्हा खणात ठेवलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"अठरा दिवसांपूर्वी मला सांगितलं असतं," त्या म्हणाल्या, "तर नऊ माणसं वगळली असती आणि नवी नऊ शोधली असती. चार महिने लांबलं असतं. असं होतं कधीकधी, माणसं आहेत ती."

त्यांनी खणाला कुलूप लावलं.

"आता नऊ वगळून भागणार नाही. उरलेल्या तेवीस जणांचे कागदही तुम्हीच भरलेत. बाटल्या तुम्ही मोजल्यात, नोंदी तुमच्या हातच्या आहेत. त्यातलं काय धरायचं आणि काय सोडायचं ते मला आता सांगता येत नाही. मी समितीला कळवते, प्रयोग बंद."

मी म्हटलं, "मॅडम, बाकीच्या तेवीस नोंदी अगदी खऱ्या आहेत."

"असतील," त्या म्हणाल्या. मग त्यांनी चष्मा काढून पुसला आणि खोलीचा नकाशा, जो माझ्या बाजूला पडलेला होता, तो ओढून आपल्या कागदांत घातला.

बाहेर आले तेव्हा बाकीचे आपापल्या कामावर गेले होते. दादा जिन्याच्या वरच्या पायरीवर बसला होता, पेटी मांडीवर. अठरा दिवसांत पहिल्यांदा त्याचा चेहरा मोकळा दिसत होता.

"झालं ना मनासारखं?" त्याने विचारलं. "नवे नऊ जण मी आणून देतो. परवाच्या परवा. आणि या वेळी ज्याची त्याने घ्यायची, मी स्वतः उभा राहून बघेन."

"दादा, हे आता तुझ्या नऊ जणांपुरतं राहिलं नाही. माझ्यावर येऊन थांबलंय."

"तुझ्यावर कसं? तू तर एकही कॅप्सूल घेतली नाहीस."

तो खरंच विचारत होता. मी त्याच्या शेजारी पायरीवर बसले. आत तो खेळाडू अजून कापूस दाबून बसला असणार, त्याच्या दंडाचा पट्टा मी सोडला होता की नाही तेही मला आठवेना. दादाने माझ्या पाठीवर हात ठेवला. हे सगळं याने केलं, याच्यामुळे झालं, असं म्हणून त्याच्यावर एकदा मनापासून चिडावं असं मला फार वाटत होतं. अठरा दिवस तेच करून मी दिवस काढले होते. आता मात्र काही केल्या त्याच्यावर चिडता येईना.